मखमलाबादला घर बांधताय, उन्हासाठी 3 लाख जास्त घालावेत का?

ताई, तुमचा प्रश्न असा की नाशिकच्या मखमलाबादला 150 चौरस मीटरच्या प्लॉटवर घर बांधताय, आर्किटेक्ट म्हणतोय इको निवास संहितेप्रमाणे, म्हणजे घरात ऊन कमी शिरावं आणि वीज वाचावी यासाठीच्या नियमांप्रमाणे करू, 3 लाख जास्त लागतील, मग लोन वाढवायचं, एफडी मोडायची की नकोच म्हणायचं.

नियमाचं आधी. बीईई म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत खात्याची ही संहिता 2018 ला आली, पण ती 500 चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्लॉटसाठी आहे, तुमच्यावर सक्ती नाही, त्यामुळे घाबरून पैसे घालू नका. पण त्यातलं छताचं कलम मनावर घ्या. छताचा यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती आत येते त्याचं माप, 1.2 च्या आत हवा, आणि उघडा आरसीसी स्लॅब त्यात बसतच नाही, दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खोलीत सोडतो. तुमचे सासू-सासरे वरच्या मजल्यावर झोपणार म्हणताय, मग हे टाळू नकाच.

आता कोटेशन. छताचं इन्सुलेशन आणि वर पांढरं चायना मोझॅक 90 हजार, छज्जे 30 हजार, डबल ग्लासच्या खिडक्या 1 लाख 80 हजार. डबल ग्लासच्या खिडक्या यादीतून काढून टाका. नाशकात उन्हाळ्यातही रात्री बऱ्यापैकी गार होतं, खिडक्या उघडल्या की काम होतं, आणि ऊन काचेबाहेरच अडवलेलं कधीही बरं. फक्त पश्चिमेला आडवा छज्जा पुरत नाही, दुपारनंतरचं ऊन तिरकं येतं, तिथे उभी फिन, म्हणजे खिडकीबाहेरची उभी पट्टी, किंवा जाळी मागा.

3 लाखांना साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता महिना 2,600 च्या आसपास, वर्षाला 31 हजार, आणि तुमच्या अंदाजाने एसीचं बिल उन्हाळ्यात सगळं मिळून 18 हजार, म्हणजे अख्खं वाचलं तरी जमत नाही. फक्त छत आणि छज्जे केले तर 1 लाख 20 हजारांचा हप्ता वर्षाला साडेबारा हजार. त्यातलेही सगळे बिलातून निघतील असं मी म्हणणार नाही, पण वरच्या एखाद्या खोलीचा एसी कदाचित लागणार नाही आणि छत नंतर करायचं तर वॉटरप्रूफिंग उकरावं लागतं, म्हणून मी हो म्हणेन. लोन मंजूर व्हायच्या आधीच एस्टिमेटमध्ये घाला, एफडीला हात लावू नका, बांधकामात अडचण आली तर तीच कामाला येईल.

सोलर नंतर बसवता येतं, 3 किलोवॅटला केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून 78 हजार सबसिडी आहे. आत्ता फक्त इन्सुलेशन स्लॅबच्या वरून टाकणार आणि जाडी किती, हे कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घ्या, आणि वॉटरप्रूफिंगची गॅरंटी त्याच माणसाकडून घ्या, नाहीतर पावसाळ्यात गळालं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.