५५ हजारांत गेमिंग पीसी जोडायचाय. प्रोसेसर आय-सेव्हन घ्यावा की आय-फाइव्ह? कॅबिनेटबरोबर मिळणारा एसएमपीएस चालेल ना?

तुमच्या प्रश्नातला तो शेवटचा "ना" वाचला आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. नाही चालणार. एसएमपीएस म्हणजे पीसीतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा.

तुम्ही साखळीचे, मी डिचोलीचा, दोघेही गोव्यातले. म्हणजे पाऊस तोच आणि विजाही त्याच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१९ मध्ये मला वेर्ण्याला पहिली नोकरी लागली. वर्षभर जमवून चाळीस हजार झाले. आमच्या गोतावळ्यात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस एकच, माझा मावसभाऊ. त्याला मी दादा म्हणतो. खरेदीला तोच बरोबर आला. "गेम खेळायचे तर सेव्हनच पाहिजे," हा त्याचा मंत्र. नवा सेव्हन परवडेना, म्हणून सेकंड हँड आय-सेव्हन ३७७० घेतला, २०१२ चा. आम्ही नावातला सात बघितला, त्याच्या पुढचा तीन कोणी बघितला नाही. तो तीन म्हणजे तिसरी पिढी. मदरबोर्ड जुना, रॅम जुन्या डीडीआर३ प्रकारची, पुढे वाढवायला वाट नाही. त्यामुळे आय-सेव्हन की आय-फाइव्ह हा तुमचा प्रश्नच अर्धा आहे, आधी पिढी विचारा. २०२२ चा आय-थ्री १२१०० सुद्धा चार कोअर, आठ थ्रेडचाच, पण तो त्या ३७७० ला सहज मागे टाकतो.

ग्राफिक्स कार्ड मात्र मी हट्टाने बरं घेतलं, आरएक्स ५७०. तिथे पैसे संपले. उरल्या पैशांत दादाने काच लावलेलं, चार रंगीत पंख्यांचं कॅबिनेट उचललं. चवथीच्या मखरासारखं लखलखायचं! आत एसएमपीएस आयता बसवलेला. मी विचारलं, हा पुरेल का? दादा म्हणाला, "कांय जायना रे! तो दिसता कोणाक?"

पहिल्या आठवड्यातच सुरू झालं. गेममध्ये गोळीबार वाढला की स्क्रीन काळी आणि पीसी आपोआप रीस्टार्ट. दादाचं निदान: विंडोज बिघडलंय. तीनदा विंडोज टाकलं. चौथ्यांदा रॅम काढून खोडरबराने घासली. पाच महिने हे असंच चाललं आणि मी मूर्खासारखा सेटिंग कमी करून खेळत राहिलो.

मग जुलैतली एक रात्र. लाईट गेली, आली, परत गेली, परत आली आणि टेबलाखाली "टप्प" झालं. जळका वास सुटला. आई उठून आली, तिला वाटलं मिक्सर जळला. एसएमपीएस गेलाच, बोर्ड गेला आणि माझं कार्डही गेलं.

दुसऱ्या दिवशी तो मेलेला एसएमपीएस काढून उलटा केला. वर ठसठशीत ४५० वॅट. खाली तक्त्यात बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. कार्ड १५० चं, प्रोसेसर ७७ चा, दोन्हींचं मुख्य खाणं त्याच १२ व्होल्टवर. बेरीज २२७. पंखे आणि हार्ड डिस्क अजून धरलीच नाही. कार्डाला लागणारा आठ पिनांचा प्लगही त्या एसएमपीएसला नव्हता, मोलेक्स कन्व्हर्टर (जुन्या चार पिनांच्या प्लगवरून वीज घेणारा जोड) लावून काम भागवलं होतं. तो वितळून पिवळा पडलेला प्लग अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

दादा आजही मानत नाही. दर चवथीला आरती झाली, सगळे पंगतीला बसले की त्याचं सुरू: "वीज पडली, त्याला एसएमपीएस बिचारा काय करणार?" अरे दादा, त्याच घरातला फ्रिज वाचला, टीव्ही वाचला. आणि त्याआधी पाच महिने पीसी बंद पडायचा, तेव्हा काय रोज वीज पडत होती?

असो. तुमच्या ५५ हजारांचं बघू.

सगळ्यात जास्त पैसे कार्डावर, साधारण ३५ ते ४० टक्के. त्यानंतर एसएमपीएस: ओळखीच्या कंपनीचा ५५० वॅटचा, पाच वर्षं वॉरंटीवाला. प्रोसेसर त्यानंतर. रायझन ५ ५६०० किंवा आय-थ्री १२१००एफ पुरे. "एफ" असेल तर आत ग्राफिक्स नसतं, कार्ड आल्याशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. ५६०० सोबत जुना बी४५० बोर्ड घेणार असाल तर बायॉस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का ते दुकानातच विचारा. रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या, एकच १६ ची नको. बसवल्यावर बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, निम्मे लोक विसरतात. रंगीत पंखे शेवटी, पैसे उरले तर. उरत नाहीत.

मी स्वतः दुसरा पीसी लगेच जोडू शकलो नाही. २०२१ मध्ये मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणाऱ्यांनी, कार्डांचे भाव असे चढवले की बघणंही सोडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग थांबलं, भाव बसले आणि मी आरएक्स ६६०० घेतलं. १३२ वॅटचं, ८ जीबीचं. १०८० पिक्सेलवर अजून तक्रार नाही. मात्र त्या काळातली सेकंड हँड कार्डं कोणी स्वस्तात देऊ लागला तर आधी निदान अर्धा तास गेम चालवून दाखव म्हणा.

युपीएस हवाच. ६०० व्हीएचा छोटा युपीएस साधारण ३६० वॅट देतो. तो खेळत राहायला नाही, सेव्ह करून बंद करायला. ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर राउटरची लॅन केबलही काढा, वीज तिथूनही आत येते.

आता थोडं माझ्याच विरुद्ध. एसएमपीएसवरचा ८० प्लस ब्राँझचा शिक्का म्हणजे संरक्षण नव्हे, तो फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. आणि चांगला एसएमपीएससुद्धा अर्थिंगशिवाय लंगडाच. आमचं घर जुनं, चिऱ्यांचं. त्या पहिल्या पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. मला वाटायचं पावसामुळे. नंतर वायरमनने टेस्टर लावून सांगितलं की या प्लगला अर्थिंगच नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरची गळती जमिनीत जायची, ती जायला वाट नाही, म्हणून पत्र्यावर थांबते. मग मागच्या अंगणात खड्डा खणून अर्थिंग करून घेतलं. म्हणजे त्या रात्री दोष थोडा घराचाही असेल. हे मी दादाला अजून सांगितलेलं नाही.

भाव मी मुद्दाम दिले नाहीत. २०२५ च्या अखेरीपासून रॅम एवढी चढलीय की आज लिहिलेला आकडा पुढच्या महिन्यात खोटा ठरेल. आणि ५५ हजारांत मॉनिटर धरलाय की वेगळा, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. धरला असेल तर वरचं कार्ड विसरा, एक पायरी खाली उतरा. एसएमपीएस तोच ठेवा.