बीजिंगचं 'बर्ड्स नेस्ट' स्टेडियम इतक्या वेड्यावाकड्या पोलादावर उभं कसं राहतं?

साताऱ्यात सिव्हिल शिकणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. ते पोलाद दिसतं तेवढं वेडंवाकडं नाही. मुख्य भार 24 जाळीदार खांबांवर आहे. बाकीच्या तिरक्या पट्ट्यांच्या गर्दीत हे खांब चटकन ओळखूच येत नाहीत. खरी कमाल आतली आहे. प्रेक्षकांची काँक्रीटची गॅलरी या सांगाड्यापासून पूर्ण सुटी उभी आहे, त्यामुळे भूकंपात दोन्ही आपापल्या परीनं हलतात, एकमेकांना ओढत नाहीत. 1967 चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या आपल्या जिल्ह्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. इथे मोठं स्टेडियम झालंच, तर छप्पर आणि गॅलरी यांच्यात मोकळी फट हवीच, असं माझं ठाम मत आहे. आणि हो, तिथे आधी सरकतं छप्परही ठरलं होतं. ते रद्द झाल्यावर बरंच पोलाद वाचलं.