हजार लेखांचे संकेतस्थळ उभारण्यापूर्वी
कपाशी, तूर, संत्रा अशा पिकांवरील हजारभर लेखांचे संकेतस्थळ तुम्ही हाती घेतले आहे, तेव्हा रंगसंगती तूर्त बाजूला ठेवा. पन्नासेक शीर्षके चिठ्ठ्यांवर लिहून चार-पाच शेतकऱ्यांपुढे पसरा आणि विभाग ठरवण्यासाठी त्यांनाच गठ्ठे लावू द्या. मी हे केले तेव्हा ‘कीड व्यवस्थापन’ या माझ्या लाडक्या विभागाला कोणी हातही लावला नाही, सारे गठ्ठे पिकांनुसार आणि संत्र्याचे तर आंबिया-मृग बहारानुसार, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामानुसार पडले. आपल्याकडे विदर्भात कपाशीला पऱ्हाटी म्हणतात, म्हणून दोन्ही शब्दांनी तोच लेख सापडला पाहिजे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधील लेख आधी युनिकोड या सर्वमान्य अक्षरपद्धतीत आणा, अन्यथा ते शोधात येणारच नाहीत. पानाचा पत्ता शक्यतो बदलू नका. बदललाच, तर जुना पत्ता नव्याकडे वळता ठेवा.