टेक्स्चर फिरवलं की वेग का पडतो?

प्रश्न : जीपीयू (ग्राफिक्सची चिप) न वापरणारा रेंडरर (दृश्याचं चित्र काढणारा प्रोग्राम) सी प्लस प्लसमध्ये लिहिला आहे. १०२४ × १०२४ चं, दर टेक्सेलला (टेक्स्चरच्या एका ठिपक्याला) ४ बाइटचं टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) भिंतीवर सरळ लावलं की छान पळतं. ९० अंशांत फिरवलं की रखडतं. गणित तर तेवढंच आहे!

उत्तर : गणित तेवढंच, पण मेमरीतली पायपीट वाढते. प्रोसेसर मेमरीतून कॅशमध्ये (जवळच्या छोट्या, वेगवान साठ्यात) एका वेळी ६४ बाइटचा तुकडा, म्हणजे एक कॅश लाइन, उचलतो, म्हणजे तुमचे १६ टेक्सेल. सरळ भिंतीवर ते सोळाही लागोपाठ खपतात. फिरवल्यावर दर पिक्सेलला टेक्स्चरची एक ओळ, म्हणजे ४०९६ बाइट, ओलांडावी लागते आणि सोळातला एकच कामी येतो.

खरी मेख पुढे आहे. ३२ केबीच्या ८-वे एल१ (प्रोसेसरला सर्वात जवळच्या) कॅशमध्ये ६४ सेट, म्हणजे कप्पे असतात. दर सेटमध्ये आठच लाइन मावतात आणि कोणती लाइन कुठल्या सेटमध्ये जाणार हे तिच्या पत्त्यावरून ठरतं. ६४ सेट × ६४ बाइट म्हणजे नेमके ४०९६, टेक्स्चरच्या एका ओळीएवढे. त्यामुळे अख्खा स्तंभ एकाच सेटवर गर्दी करतो आणि नववी लाइन आली की आधीची एक बाहेर. पुढच्या स्कॅनलाइनला (पडद्यावरच्या पिक्सेलच्या आडव्या ओळीला) शेजारचा स्तंभ लागतो, तोवर आणलेलं बहुतेक सगळं गेलेलं असतं. शिवाय मेमरी ४ केबीच्या पेजमध्ये विभागलेली असल्यामुळे दर पिक्सेलला नवं पेज, म्हणजे टीएलबीवरही (पेजचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या छोट्या कॅशवरही) ताण.

टेक्स्चर लोड करतानाच एकदा झेड-क्रमात मांडून घ्या. म्हणजे टेक्सेलचा एक्स (स्तंभ) आणि वाय (ओळ) यांचे बिट आलटूनपालटून गुंफायचे, एक्सचा बिट उजवीकडे. एक्स ५ (१०१) आणि वाय ६ (११०) असेल तर १११००१, म्हणजे शून्यापासून मोजता क्रमांक ५७. आता ४ × ४ चा चौकोन एका लाइनमध्ये आणि ३२ × ३२ चा एका पेजमध्ये बसतो. भिंत कशीही फिरवा. ही गुंफण दर पिक्सेलला मात्र करू नका. एक्स आणि वायसाठी १०२४ नोंदींची एकेक लुकअप टेबल (तयार उत्तरांचा तक्ता) आधीच भरून ठेवा आणि दोन नोंदींची नुसती बेरीज करा.

टेक्स्चरचा बफर (त्यासाठी घेतलेली मेमरी) ४०९६ च्या पटीतल्या पत्त्यावरच घ्या. सी प्लस प्लसच्या साध्या न्यूने (new) मिळणारा पत्ता बहुधा १६ च्याच पटीत असतो. मग प्रत्येक चौकोन दोन लाइनींत चिरला जातो आणि केलेली मेहनत निम्मी वाया जाते.

प्रश्न : जीपीयूवरही हे हातानं करायचं का?

उत्तर : नाही. व्हल्कनमध्ये (जीपीयूशी बोलण्याच्या एका एपीआयमध्ये) डेटा स्टेजिंग बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) भरून ‘ऑप्टिमल’ टायलिंगच्या, म्हणजे जीपीयूला सोयीच्या मांडणीच्या, इमेजमध्ये कॉपी करा. मांडणी ड्रायव्हर पाहतो. मिपमॅप (त्याच टेक्स्चरच्या निम्म्या-निम्म्या आकाराच्या लहान प्रती) मात्र दोन्हीकडे हवेतच. लांबच्या भिंतीवर शेजारचे पिक्सेल टेक्स्चरमध्ये दूरदूर पडतात, तिथे झेड-क्रमही हात टेकतो. खर्च एक तृतीयांश जास्त : तुमच्या ४ एमबीचे सुमारे ५.३३ एमबी.