अमेरिकेत आयोवातल्या एम्स गावी येतोयस ना, मग आधी एवढंच बघ

आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीला ॲडमिशन मिळाली, मनापासून अभिनंदन! गाडीची घाई करू नकोस, इथली सिटी बस, सायराइड, स्टुडंट आयडीवर फुकट आहे, फक्त घर तिच्या रूटवरचं बघ आणि लीजवर सही करायच्या आधी हीटिंगचं बिल कोण भरणार ते विचारून घे, नवीन पोरं इथेच फसतात.

जाड जॅकेट पुण्याहून ओढून आणू नको, इथे पारा उणे २० च्या खाली जातो, इथलंच घे. बूट वॉटरप्रूफच हवेत, कारण वितळलेला बर्फ रात्री परत गोठला की फुटपाथ काचेसारखा होतो, छोटी पावलं टाकत चालायचं.

किराणा भरायला सीनियर्ससोबत जवळच्या डे मॉइन शहरात जा, कढीपत्ता जास्तीचा आणून फ्रीजरमध्ये टाक.

आणि डिसेंबरात पाचच्या आत अंधार पडतो, तेव्हा खोलीत एकटा बसून राहू नकोस रे.