मालक युनिटला 15 रुपये घेतात, बिल मागितलं तर लाईट बंद करतात, काय करायचं?

ताई, तुमचा मेसेज नीट वाचला, बिलाचा फोटो आणि ॲग्रीमेंटची दोन पानंही बघितली. वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात प्रकरण सांगतो. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत मालकांच्याच घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या, मागच्या बाजूला अजून एक भाडेकरू कुटुंब, खाली मालक स्वतः, आणि ह्या सगळ्यांना मिळून महावितरणचा एकच मीटर. भाडेकरूंना मालकांनी सबमीटर, म्हणजे प्रत्येकाचा वापर वेगळा मोजणारे छोटे मीटर, बसवलेत. मागच्या महिन्यात ताईंचे 96 युनिट झाले, 15 रुपयांनी 1440 घेतले आणि वर मोटर अन् जिन्याच्या लाईटचे म्हणून 300. मूळ बिल दाखवा म्हटल्यावर "पटत नसेल तर खोली सोडा" असं उत्तर मिळालं आणि त्याच दिवशी संध्याकाळी ह्यांची लाईट दोन तास बंद. ऐन मुलांच्या अभ्यासाच्या टायमाला. ताई विचारतायत की 15 रुपये घेऊ शकतात का, लाईट तोडू शकतात का, आणि पुढच्या महिन्यात पैसेच द्यायचे नाहीत असं केलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण तिथंच माणसं फसतात. पैसे पूर्ण बंद करू नका. भाडं तर एक दिवसही उशिरा देऊ नका. तुम्ही भाडं थकवलंत की वाद लाईटचा राहत नाही, तो "थकबाकीदार भाडेकरू"चा होतो आणि आत्ता तुमची असलेली बाजू उगाच लंगडी पडते.

आता 15 रुपयांचं बघू, जरा आकडेमोड करूया. बिलाच्या फोटोत रक्कम कापली गेलीय पण युनिट 340 स्वच्छ दिसतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो हे तुम्हाला माहीतच आहे. 2024-25 चं दरपत्रक उदाहरणाला धरतो, त्यात पहिल्या 100 युनिटला 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55, शिवाय प्रत्येक युनिटला 1.17 वहन आकार (वीज तारांवरून पोचवण्याचा), सिंगल फेजला 128 रुपये स्थिर आकार आणि ह्या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार कमी-जास्त होतो म्हणून तो सोडून देऊ. ह्या हिशोबानं 340 युनिटचं बिल साधारण 4220 रुपये होतं, म्हणजे सरासरी युनिटला 12 रुपये 40 पैसे. तुमच्या नावावर स्वतंत्र मीटर असता आणि तुम्ही तेच 96 युनिट जाळले असते तर बिल आलं असतं साधारण 800. तेवढ्याच विजेचे तुम्ही 1740 देताय.

पण मालकांची बाजूही समजून घ्या, म्हणजे बोलताना गडबड होणार नाही. 800 आणि 1740 मधला सगळा फरक त्यांच्या खिशात जात नाही, बराचसा एकच मीटर असल्यामुळं वरच्या टप्प्यात जातो आणि तो महावितरणलाच जातो. सरासरीनं धरलं तर तुमच्या 96 युनिटचे 1190 होतात. म्हणून "800 च देणार" असं भांडायला गेलात तर त्यांचा वकील पहिल्या मिनिटात तुम्हाला गप्प करेल. तुमचा खरा मुद्दा 1190 च्या वरचा आहे. तुमचे 96, मागच्या कुटुंबाचे तुम्ही लिहिलेले 84, म्हणजे 180 युनिटचे 15 रुपयांनी 2700, आणि दोघांकडून 300-300 मोटरचे म्हणजे 3300. उरलेले 160 युनिट मालकांचे, त्यातच मोटर आणि जिन्याची लाईट आली कारण ती पण ह्याच मीटरवर आहे. 4220 मधून 3300 वजा केले तर त्या 160 युनिटचे त्यांना पडले 920 रुपये, युनिटला पावणेसहा. हा हिशोब कागदावर मांडून समोर ठेवा, त्याच्याइतका जोर कुठल्याच कलमाला नाही. फक्त सध्याच्या दरानं परत करून घ्या, दर बदलत असतात. मूळ बिल मालकांनी नाही दाखवलं तरी 12 आकडी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट फोटोत आहे, महावितरणच्या वेबसाईटवर त्यावरून बिल निघतं.

कायद्याचं बोलायचं तर वीज विकत घेऊन पुढं विकायला वीज कायदा 2003 प्रमाणं परवाना लागतो, कलम 12 आहे. आलेलं बिल भाडेकरूंमध्ये वाटून घेणं वेगळं आणि त्यावर नफा लावणं वेगळं. तरीपण ताई, ह्या मुद्द्यावर उठून महावितरणला तक्रार ठोकू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तपासणीला माणसं आली आणि कलम 126 खाली अनधिकृत वापराचा ठपका बसला तर दुप्पट दरानं आकारणी होते, झळ अख्ख्या घराला बसते, लाईट तुमचीपण जाऊ शकते. तो मुद्दा नोटिशीत एका ओळीत असू दे, बस्स.

तुमचं हुकमी पान वेगळंच आहे आणि ते तुम्ही पाठवलेल्या पानांतच आहे. ॲग्रीमेंट 11 महिन्यांचं, स्टॅम्पवर, नोटरी केलेलं, पण रजिस्टर केलेलं नाही. कोल्हापुरात निम्म्याहून जास्त लोक असंच करतात असं माझ्या टेबलावर येणारे कागद बघून वाटतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, भाड्याचा असो नाहीतर लिव्ह अँड लायसन्सचा, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या ह्याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ते मालकानं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या कागदात फक्त "लाईट बिल सबमीटरप्रमाणे वेगळे" एवढंच लिहिलंय, 15 चा आकडा कुठंच नाही आणि मोटरचे 300 पण नाहीत. मग "येईल त्या बिलाच्या प्रमाणात द्यायचं ठरलं होतं" हे तुमचं म्हणणं टिकतं.

लाईट तोडण्याचं मात्र मला मनापासून वाईट वाटलं. पैशाचा वाद आहे तर तो पैशाचा ठेवावा, पोरं अंधारात बसवून वसुली करायची नसते. त्याच कायद्याचं कलम 29 सांगतं की योग्य कारणाशिवाय मालकाला पाणी, वीज, जिन्याची लाईट असल्या आवश्यक सोयी तोडता किंवा अडवून धरता येत नाहीत. तोडली तर कोर्टात अर्ज करून सोय चालू करायचा आदेश मागता येतो, आणि मालकाला फौजदारी शिक्षेचीही तरतूद आहे. समोरचे म्हणतील की ह्या लायसन्सी आहेत, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी असलेल्या, भाडेकरू नव्हेतच, कलम 29 ह्यांना लागू नाही. हा वाद होणार हे धरून चला, आणि तिथंसुद्धा करार रजिस्टर नसणं तुमच्याच कामाला येतं. "खोली सोडा" म्हणून कुलूप लावणं, सामान बाहेर ठेवणं हे तर भाडेकरू असो की लायसन्सी, आदेशाशिवाय करताच येत नाही.

पुढच्या वेळी लाईट गेली तर आधी शेजारच्यांची चालू आहे का बघा, सबमीटरचा आणि मेन स्विचचा व्हिडिओ काढा, वेळ दिसेल असा, आणि मालकांना लगेच व्हॉट्सॲप करा की "लाईट बंद आहे, चालू करा". कोर्टात तो मेसेज दाखवायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून चॅट डिलीट करू नका आणि मोबाईल बदलू नका.

अजून एक गोष्ट आजच करा. घरातली सगळी बटणं नाही, तुमचा मेन स्विचच बंद करा आणि सबमीटरची लाल लाईट बघा. ती तरीही लुकलुकत असेल तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाचा तरी लोड आहे, बऱ्याचदा जिन्याचा बल्ब नाहीतर मोटरच निघते. मग मेन चालू करून बाकी सगळं बंद ठेवून 1000 वॅटचं गिझर-हीटर काहीतरी एक तास चालवा, मीटर एक युनिटच्या आसपास पुढं गेला पाहिजे. दीड गेला तर मीटर पळतोय. बाजारातून आणून बसवलेल्या सबमीटरची जबाबदारी महावितरण घेत नाही, तो बदलून मागायचा तो मालकांकडंच.

कायमचा उपाय विचाराल तर स्वतःच्या नावावर मीटर. वीज कायद्याचं कलम 43 मालकाला किंवा जागेत राहणाऱ्याला, दोघांनाही कनेक्शन मागायचा हक्क देतं. मालक ना-हरकत देत नाहीत एवढ्या कारणावर भाडेकरूला वीज नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश ह्या प्रकरणात सांगितलंय, आणि ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. अर्जदार जागेत राहतोय का एवढंच बघायचं. मात्र पाहणीला येणारे तुमचा भाग खरंच वेगळा आहे का, स्वयंपाकघर वेगळं आहे का हे बघतात, तुमचं वेगळं आहे म्हणून अडचण येऊ नये. लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट लागेल. अर्ज नाकारला तर लेखी कारण मागून घ्या, त्यावर महावितरणच्या तक्रार निवारण मंचात जाता येतं. मालकांशी असलेला पैशाचा वाद मात्र तो मंच सोडवत नाही, तिथं त्यासाठी हेलपाटे घालू नका.

ह्या महिन्यात असं करा. सरासरीनं निघेल तेवढी रक्कम यूपीआयनं पाठवा, शेऱ्यात "वीज बिल, प्रमाणशीर हिस्सा" लिहा, आणि वरच्या रकमेला हरकत आहे असा हिशोबासकट मेसेज टाका. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर पोचपावतीसह पोस्टानं नोटीस. कोर्टात जाण्याआधी कसबा बावड्याला न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एक चक्कर मारा, महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि दावा दाखल न करताच तडजोडीसाठी प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, तिथं झालेल्या तडजोडीला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते. आधी दिलेले जादा पैसे मागायला देण्याच्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत धरून चला. मागच्या भाडेकरूंना बरोबर घ्या, दोघांचा हिशोब एकच आहे. आणि येत्या रीडिंगला महावितरणचा माणूस येईल त्याच दिवशी दोन्ही सबमीटरचे फोटो काढून ठेवा, तारखा जुळल्या नाहीत तर वरची आकडेमोड कुणीही खोडून काढेल.