गॅप भरू नकोस

तुझा मेल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. ग्राफही बघितला, निळी रेघ आणि मधे मधे पांढरं. तुझ्या लॉगरची, म्हणजे तापमान टिपत राहणाऱ्या डबीची, एवढी रीडिंग गायब आहेत तर लिनियर इंटरपोलेशन मारू (दोन टोकं सरळ रेघेनं जोडू) की स्प्लाइन (वळणदार रेघेनं), असं विचारतेयस, आणि गाईड म्हणतायत काहीही मार पण चॅप्टर दे. दोन्ही नको. गॅप भरू नकोस.

जरा तिखट लिहिलं जाईल, कारण हीच चूक मी केलेली आहे. पीएचडीत माझेही असेच लॉगर होते, लसींच्या खोक्यात ठेवलेले, सीआर २०३२ या बटणासारख्या सेलवर चालणारे, दर दहा मिनिटांनी ब्लूटूथनं गेटवेला (रीडिंग गोळा करणाऱ्या डब्याला) रीडिंग द्यायचे. लसीला २ ते ८ अंश लागतं हे तुला वेगळं सांगायला नको. मधेच रीडिंग यायची नाहीत, मी म्हटलं रेडिओ आहे, पॅकेट पडणारच, आणि दोन टोकं जोडून टाकली. अलीकडे २.६, पलीकडे २.४, मधे सगळं छान! पेपरही छापून आला. मग बऱ्याच दिवसांनी त्यातलाच एक लॉगर फ्रीजरमधे ठेवून स्कोप (व्होल्टेजची रेघ दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावला, तेव्हा दिसलं की गारठलेल्या, अर्ध्या वापरलेल्या सेलचा आतला रेझिस्टन्स वाढलेला असतो, रेडिओनं करंट ओढला की व्होल्टेज धाडकन बसतं आणि चिप रिसेट. म्हणजे थंडी जास्त झाली की नेमकं तेव्हाच रीडिंग गायब. ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसी तर गोठल्या की कामातून जातात. ती खोकी गोठली होती का? माहीत नाही. मी भरलेलीच फाइल ठेवली होती, मूळची उडवली होती.

स्टॅटिस्टिक्सवाल्यांना हे कधीचं माहितीये, गायब आकड्यांवरचा रुबिन या स्टॅटिस्टिशियनचा पेपर १९७६ चा आहे. आकडा का गायब आहे हे जर त्या आकड्यावरच अवलंबून असेल तर शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधून काय मिळणार? म्हणून परत सांगतो, गॅप भरू नकोस.

फर्मवेअर (लॉगरच्या आतला प्रोग्राम) तुझ्याच हातात आहे ना, मग प्रत्येक पॅकेटमधे सीक्वेन्स नंबर, बॅटरी व्होल्टेज आणि रिसेटचा काउंट घाल, चार-सहा बाइटचं काम आहे. नंबर मधले उडाले तर पॅकेट हवेत पडलं, नंबर शून्यापासून सुरू झाला तर डिव्हाइस मेलं होतं. हे दोन वेगळे गॅप आहेत आणि तुझा चॅप्टर इथेच आहे, कळतंय का?

आणि लॅबमेटच्या मॉडेलची, बेअरिंगमधले दोष ओळखण्यातली ९९ टक्के अचूकता बघून खचू नकोस. केस वेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या त्या बेअरिंग डेटासेटमधले दोष ईडीएमनं (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून) मुद्दाम पाडलेले आहेत, आणि एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे मॉडेल शिकवायच्या ट्रेनमधेही टाकायचे आणि तपासायच्या टेस्टमधेही, मग ९९ नाही तर काय येणार!

माझे पेपर कमी आहेत, मला अडेलतट्टू म्हणतात, म्हणोत. त्या एका फाइलनंतर मी एकही रिकामी जागा बुजवलेली नाही, प्रमोशन राहिलं तरी. बरं, ते जाऊदे. शुक्रवारी ये, स्कोप आहे माझ्याकडे. जो लॉगर सगळ्यात जास्त गप्प बसतो तोच आण. आणि सेल बदलू नकोस, आहे तोच राहू दे.